घोरणारा म्हणजे जाडा माणूस, हे चित्र आता बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घोरण्यावर आणि स्लीप ॲप्नियावर, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारावर, लेख आला होता. तो आमच्या घरात सगळ्यांनी वाचला, मी तर दोनदा वाचला. लेख चांगला आहे, त्यातलं काही चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही, पण त्याच्यावर जे चित्र छापलंय ना, ढेरपोट्या माणूस उताणा पडून तोंड उघडं टाकून घोरतोय आणि शेजारी बायको कानावर उशी दाबून बसलीय, त्या चित्रासाठी हे पत्र लिहायला बसलेय. हेच चित्र आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, डॉक्टरांच्यासुद्धा, आणि त्याच्यामुळे आमच्या एका कुटुंबात चार माणसांचा आजार कळायला वर्षानुवर्षं गेली. चौघांनाही एकच आजार, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, पण चौघांचं कारण वेगळं, चौघांचा त्रास वेगळा, आणि त्या चित्रासारखा दिसणारा चौघांत एकही नाही.

मी साताऱ्याची, ३३ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून रिटायर झालेय. डॉक्टर नाही, पण गेल्या तीन वर्षांत या एका विषयावर जेवढं ऐकलं, विचारलं, वाचलं तेवढं डीएडला पण वाचलं नसेल.

२०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं होतं आणि पेपरात ते ठळक आलं होतं, तेव्हा पहिल्यांदा हा शब्द आमच्या घरात आला. आणि आम्ही काय म्हणालो, तर त्यांचं वजन जास्त होतं म्हणून झालं असेल. विषय संपला. त्याच वेळी आमचे मिस्टर रात्री चार-चार, पाच-पाच वेळा लघवीला उठत होते आणि त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं स्वप्नात पण आलं नव्हतं.

आधी हे होतं कसं ते सांगते, कारण ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपला घसा म्हणजे मऊ मांसाची नळी, तिला आतून आधाराला हाड नाही, जागेपणी आजूबाजूचे स्नायू तिला ताणून उघडी धरतात आणि झोपेत ते स्नायू सैल पडतात. ज्याची नळी ऐसपैस आहे त्याला काही होत नाही, जिची आधीच अरुंद आहे ती मिटते. प्लास्टिकच्या पातळ नळीने घट्ट लस्सी ओढताना नळी कशी चपटी होते, तसं. पोट-छाती हलत राहते, जोर लावत राहते, पण हवा आत जात नाही. मग रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, माणूस घुसमटून एक मोठा श्वास घेतो आणि परत झोपतो, आणि सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. श्वास १० सेकंद किंवा जास्त अडला की एक मोजतात, अर्धवट अडलेले पण धरतात, आणि तासाला असे किती त्यावर आजार ठरवतात, ५ च्या वर गेलं की आहे, १५ च्या वर मध्यम, ३० च्या वर म्हणजे गंभीर. त्या आकड्याला एएचआय म्हणतात.

आता नळी अरुंद कशाने होते याला एकच उत्तर असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

आमच्या मिस्टरांचं सांगते. वय तेव्हा ५९, पाटबंधारे खात्यात होते, पोट थोडं सुटलेलं पण जाडा म्हणावा असा माणूस नाही. रात्री लघवीला उठतात म्हणून आधी शुगर तपासली, नॉर्मल. मग प्रोस्टेटची सोनोग्राफी, वयाप्रमाणे थोडी वाढलीय म्हणाले, गोळी चालू केली, दोन वर्षं घेतली, फरक शून्य. एकीकडे बीपी, एक गोळी, मग दोन, मग तीन, आणि तरी १६० वर १०० च्या खाली काही येईना. मीठ मी बंद केलं, लोणचं-पापड बंद केलं, वरून रोज त्यांच्याशी भांडले की तुम्ही बाहेर काहीतरी खात असणार. शेवटी बीपीसाठी म्हणून पुण्याला एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी सगळी फाइल बघितली, बाजूला ठेवली, आणि यांना काही न विचारता मला विचारलं, ताई, हे रात्री झोपतात कसे ते तुम्ही सांगा. पाच वर्षांत कुठल्याच डॉक्टरांनी मला काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं घोरतात, पण आमच्या सासऱ्यांपासून घरात सगळेच घोरतात, झोप मात्र गाढ आहे, आणि मध्ये मध्ये तर एकदम शांत होतात. किती वेळ शांत, त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. त्या रात्री मी मोबाइलचं घड्याळ घेऊन जागी बसले आणि मोजलं. घोरणं थांबलं, पोट हलतंय, आवाज नाही, ३० सेकंद, ४०, आणि मग एकदम हिसका बसून परत सुरू. मी घाबरून गेले. २० वर्षं मी त्या शांततेला आराम समजत होते, तिच्यामुळेच माझा डोळा लागायचा, आणि त्याच वेळी शेजारी यांचा श्वास बंद असायचा.

स्लीप स्टडी झाली, रात्रभर हॉस्पिटलमध्ये, डोक्याला, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीला वायरी, नाकाखाली नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला क्लिप. तासाला ४६. ऑक्सिजन ७१ पर्यंत खाली. लघवीचं कोडं पण तिथेच सुटलं, आणि ते मला इतकं पटलं की मी भेटेल त्याला सांगते. बंद नळीतून श्वास ओढायचा प्रयत्न होतो तेव्हा छातीच्या आत ओढ तयार होते आणि हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, म्हणून ते एक हार्मोन सोडतं आणि किडनीला सांगतं पाणी बाहेर टाक. म्हणजे प्रोस्टेटचा बिचारीचा काही दोषच नव्हता. सीपॅप मशीन, म्हणजे रात्री मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन, लागल्यावर पहिल्याच आठवड्यात पाच वेळाचं उठणं एकवर आलं. बीपीला वेळ लागला, चार महिने, पण तीन गोळ्यांची एक कमी झाली. ज्यांचं बीपी तीन-तीन गोळ्या घेऊन हलत नाही त्यांच्यात हा आजार बऱ्याच जणांना निघतो, आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याशी पण याचा संबंध आहे, हे आता डॉक्टर मंडळी उघड सांगतात. मग तपासायला पाच वर्षं का लागावीत. यांना दिवसा फार झोप यायची नाही, घोरण्याची तक्रार मी कधी केली नाही, आणि माणूस जाडा नाही, बस्स, एवढंच कारण.

आता माझं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बायकांचं कुणी बोलतच नाही.

मी बारीक, ५२ किलो, कधीच जाडी नव्हते. पाळी ५० ला गेली आणि वर्ष-दीड वर्षात झोप उडाली. पडल्यावर डोळा लागायचा पण पहाटे तीन-साडेतीनला टक्क जाग, छातीत धडधड, घामाघूम, मग परत झोप नाही. सकाळी डोकं जड, ठणकतंय, दहा वाजेपर्यंत ते राहायचं आणि मग आपोआप जायचं. दिवसभर अंगात त्राण नाही, कशात मन लागेना, वर्गात पोरांवर ओरडायचे आणि मग वाईट वाटून घ्यायचे. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं की या वयात होतं असं, टेन्शन घेऊ नका, आणि झोपेची गोळी लिहून दिली. ती मी दीड वर्ष घेतली. जाग कमी आली हे खरं, पण सकाळचं डोकं आणखी जड झालं आणि मला वाटलं आपल्याला डिप्रेशनच आलंय. घरातल्यांना पण तेच वाटलं. मी घोरते हे मला माहीतच नव्हतं, कारण माझ्या शेजारी झोपणारा माणूस माझ्यापेक्षा दहापट मोठ्याने घोरत होता, तो काय ऐकणार माझं. बायकांचं घोरणं मुळात हळू असतं, कित्येकींचं तर घोरणं म्हणावं असं नसतंच, आणि कुणी विचारलं तरी आपण नाही म्हणतो, लाज वाटते.

यांचं मशीन सुरू झालं आणि खोली शांत झाली, तेव्हा चौथ्या-पाचव्या रात्री हेच मला म्हणाले, अगं तू पण अडकतेस. मी मानलं नाही. मग घरी लावायची छोटी टेस्ट केली, तिचा रिपोर्ट आला तासाला ४, म्हणजे नॉर्मल. मी सुटकेचा श्वास सोडला, पण डॉक्टर सुटले नाहीत. त्यांनी विचारलं त्या रात्री झोपलात किती, मी म्हटलं जेमतेम साडेतीन तास. ते म्हणाले, त्या मशीनला तुमची झोप कळत नाही, मशीन चालू होतं आठ तास, मग त्याने अडलेले श्वास आठ तासांवर भागले, तुम्ही जाग्या होतात ते तास पण झोपेत धरले. हे गणित मी पोरांना शिकवत आले आणि स्वतःच्या रिपोर्टवर मला दिसलं नाही! हॉस्पिटलमधल्या पूर्ण टेस्टमध्ये १७ आले, आणि त्यातले बहुतेक पहाटेच्या त्या झोपेतले जिच्यात स्वप्नं पडतात. त्या झोपेत अंगाचे स्नायू सगळ्यात सैल असतात आणि ती झोप पहाटेकडे जास्त असते, म्हणून माझी जाग घड्याळ लावल्यासारखी तीनला. पाळी जाताना जी हार्मोन कमी होतात त्यातलं प्रोजेस्टेरॉन श्वासाला जोर देणारं असतं, ते गेलं की घशाचा आधार पण कमी होतो. आणि झोपेच्या काही गोळ्यांनी घसा आणखी ढिला पडू शकतो, म्हणजे दीड वर्ष मी नेमकं उलटं औषध घेत होते. (कुणी घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, माझी डॉक्टरांनी सहा आठवड्यांत थोडी थोडी करून उतरवली.)

बायकांना हा आजार कमी असतो असं सांगतात, ते खरं आहे, पण वाटतो तेवढा कमी नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात सरकारी नोकरांवर मोठा अभ्यास झाला होता, १९९३ मध्ये छापून आला, त्यात ३० ते ६० वयाच्या ६०२ जणांची झोप तपासली. तोपर्यंत दवाखान्यात येणाऱ्यांत बायका अगदी तुरळक असायच्या, म्हणून सगळे याला पुरुषांचा आजार म्हणायचे. या अभ्यासात तासाला ५ च्या वरचे पुरुष २४ टक्के निघाले आणि बायका ९ टक्के. म्हणजे बायका होत्याच, दवाखान्यापर्यंत पोचत नव्हत्या. आपल्याकडे मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जो अभ्यास छापला तो आजही सगळीकडे सांगितला जातो, नेहमीच्या चेकअपला आलेले ३५ ते ६५ वयाचे ६५८ जण, त्यात १९.५ टक्के लोकांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास आणि साडेसात टक्क्यांना त्याबरोबर दिवसा पेंग. मोलाचं काम आहे, त्यामुळे तर आपल्या शहरांत हा आजार एवढा आहे हे कळलं. पण ते ६५८ सगळे पुरुष होते. माझ्यासारखी त्यात बसतच नव्हती, आणि तुमच्या पुरवणीतल्या चित्रात पण माझ्यासारखी फक्त कानावर उशी धरायला आहे.

तिसरा माझ्या भावाचा मुलगा. २७ वर्षांचा, पुण्यात आयटीत, सडपातळ, जिमला जातो. त्याला दिवसा पेंग यायची आणि सगळे म्हणायचे रात्री मोबाइल बघतोस म्हणून. मागच्या वर्षी बाइकवरून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात त्याचा डोळा लागला, क्षणभरच, कठड्याला घासून थांबला, देवाची कृपा. त्याच्यात घोटाळा जबड्याचा निघाला. त्याची हनुवटी लहानपणापासून थोडी आत आहे, आम्ही म्हणायचो आजोबांवर गेलाय. खालचा जबडा मागे असला की जिभेला जागा कमी पडते आणि उताणं झोपलं की ती घशावर पडते. आपल्या आशियातल्या लोकांत चेहऱ्याच्या हाडांच्या ठेवणीमुळे कमी वजनातच हा आजार दिसतो हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत आलंय, त्यामुळे परदेशी पुस्तकातलं वजनाचं माप आपल्याला लावून चालत नाही. त्याला डॉक्टरांनी तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावली आणि पडजीभ दिसते का बघितलं, दिसतच नव्हती. ही तपासणी मल्लमपती नावाने ओळखली जाते, शेषगिरी मल्लमपती हे आपल्या आंध्रचे भूलतज्ज्ञ, अमेरिकेत काम करताना १९८५ मध्ये त्यांनी ती मांडली, खरं तर भूल देताना नळी घालायला अवघड जाईल का ते आधी कळावं म्हणून. एक रुपया खर्च नाही, अर्धा मिनिट लागतं, पण ती कधी कुणी केली नाही, कारण पोरगा बारीक. त्याला मशीन नको होतं, तर दातांच्या डॉक्टरांनी रात्री तोंडात घालायचं एक उपकरण बनवून दिलं, ते खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतं. पहिले पंधरा दिवस जबडा दुखला, आता सवय झाली. लहानपणी हनुवटीवर पडून जबड्याचा सांधा जखडला आणि मग जबडा वाढलाच नाही अशी मुलं पण असतात, त्यांचा श्वास रात्री फार वाईट अडतो, तोंड उघडत नाही म्हणून सगळे जेवणाची काळजी करतात आणि झोपेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आणि चौथा आमचा नातू, मुलीचा मुलगा, पाच वर्षांचा. याच्याबद्दल लिहिताना मला त्रास होतो, कारण मी शिक्षिका होते आणि मला कळायला पाहिजे होतं.

पोरगं किरकिरं, एका जागी बसत नाही, चावतं, ढकलतं, बालवाडीतून रोज तक्रार. तीन वर्षांचा असताना अंथरूण ओलं करणं थांबलं होतं, ते साडेचारला परत सुरू झालं, जावईबापू चिडायचे, मुलगी रडायची. वजन वाढत नव्हतं. कुणीतरी म्हणालं हायपर आहे, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. दिवाळीत आमच्याकडे आला आणि माझ्याजवळ झोपला, तेव्हा मी बघितलं. मान मागे टाकून, तोंड उघडं, गुडघे पोटाशी घेऊन ढुंगण वर, थंडीच्या दिवसात डोकं घामाने ओलं, आणि बरगड्यांच्या खाली श्वासागणिक खड्डा पडतोय. आवाज मोठा नव्हताच, घरघर फक्त. मोठी माणसं झोप झाली नाही की पेंगतात, लहान मुलं पेंगत नाहीत, ती उधळतात. नाकाच्या मागे ॲडिनॉइड नावाची गाठ असते, तीन ते सात वर्षांच्या वयात ती चांगलीच वाढलेली असते, त्याची एक्स-रेत नाकामागची वाटच बंद दिसली, टॉन्सिल्स पण एकमेकांना टेकलेले. मोठ्यांत ५ पर्यंत चालतं, मुलांत तासाला १ च्या वर गेलं तरी नॉर्मल धरत नाहीत. आधी दोन महिने नाकातला स्प्रे दिला, पुरेसा फरक पडला नाही म्हणून ऑपरेशन केलं. सगळ्या मुलांना ऑपरेशन लागतं असं नाही, आणि केलं म्हणजे सगळ्यांचं शंभर टक्के बरं होतं असंही नाही, अंगाने जाड मुलांत थोडं उरतं कधी कधी. आमच्याचं मात्र तीन महिन्यांत अंथरूण कोरडं, वजन दोन किलो वाढलं, आणि बालवाडीच्या बाईंनी स्वतःहून फोन केला.

तो फोन आला त्या दिवशी मला माझ्या वर्गातली मुलं आठवली. ३३ वर्षांत किती तरी. मागच्या बाकावरचा, कायम नाक वाहणारा, तोंड उघडं, डोळ्यांखाली काळं, कधी पेंगतोय तर कधी शेजारच्याला मारतोय. त्याला मी उभं केलंय, वर्गाबाहेर काढलंय, त्याच्या आईला बोलावून सुनावलंय की घरी लक्ष द्या. झोपतो कसा हे एकीलाही विचारलं नाही. मला माहीतच नव्हतं, पण त्यामुळे त्या मुलांचं जे व्हायचं ते थांबलं नाही. शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते, डोळे, दात, वजन, उंची बघतात, तेव्हा पालकांना एवढा एकच प्रश्न विचारा की मूल झोपेत घोरतं का, तोंड उघडं ठेवतं का. माझ्या सगळ्या शिक्षक बंधू-भगिनींना हात जोडून सांगणं आहे की पेंगणाऱ्या आणि उधळणाऱ्या पोराला ओरडण्याआधी त्याच्या आईला हे विचारा. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत तर हा त्रास इतका जास्त असतो की त्यांची झोप लहानपणीच तपासायला सांगतात, त्यांच्या आईवडलांना हे आवर्जून सांगा.

बाकी कारणं पण आहेत, थोडक्यात लिहिते. आमच्या शेजारच्या वहिनींचा आवाज घोगरा झाला, घोरणं वाढलं, सुस्ती आली, त्यांना थायरॉईड निघाला, थायरॉईड कमी असला की जीभ आणि घसा सुजल्यासारखा होतो, गोळी सुरू झाल्यावर घोरणं बरंच उतरलं. रात्री दारू घेणाऱ्यांचा घसा त्या रात्री जास्त मिटतो. ज्यांचे पाय दिवसभर सुजलेले असतात, किडनीचे किंवा हृदयाचे पेशंट, त्यांचं ते पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं आणि घसा दाबतं. काही जणांचं फक्त उताणं झोपल्यावर होतं, कुशीवर वळलं की निम्म्यावर येतं. आणि काही जणांत घसा तेवढा अरुंद नसतोच. झोपेवर संशोधन करणारे डॅनी एकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलं की घशाच्या अरुंदपणाशिवाय तीन गोष्टी असतात, एक म्हणजे झोपेत घशाचे स्नायू वेळेवर धावून येत नाहीत, दुसरी म्हणजे माणूस जरा खुट्ट झालं की जागा होतो आणि श्वास सावरायला वेळच मिळत नाही, आणि तिसरी म्हणजे मेंदूचं श्वासावरचं नियंत्रण फार हळवं, थोडं कमी-जास्त झालं की एकदम या टोकाचं त्या टोकाला. त्यांनी तपासलेल्या पेशंटांत ७० टक्क्यांच्या आसपास लोकांत यातली किमान एक होती. माझ्या डॉक्टरांच्या मते मी त्या दुसरीतली.

म्हणून मला त्या लेखातलं "वजन कमी करा" हे एकच वाक्य खटकलं. वजन ज्याला आहे त्याने जरूर कमी करावं, त्याचा फार फायदा होतो, २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत टिर्झेपटाइड नावाच्या इंजेक्शनला लठ्ठ माणसांच्या याच आजारासाठी परवानगी पण मिळाली. पण माझ्या भाच्याने काय कमी करायचं, हनुवटी? नातवाने काय कमी करायचं, ज्याचं वजनच वाढत नव्हतं? कारण शोधा आणि मग उपाय सांगा.

सीपॅप मशीनबद्दल लोक घाबरतात म्हणून दोन शब्द. हे मशीन कॉलिन सलिव्हन यांनी ऑस्ट्रेलियात सिडनीला शोधलं, १९८१ मध्ये जगासमोर आलं, सुरवातीला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून हवा उलटी सोडायचे. ते ऑक्सिजन देत नाही, साधीच हवा दाबाने देतं, त्या हवेने घसा आतून फुगून उघडा राहतो, बस्स. यांना पहिले दहा दिवस असह्य झालं, मास्क ओढून फेकायचे, नाक कोरडं, गालावर वळ. मग मास्कचा साइज बदलला आणि सगळं बदललं. बरेच लोक इथेच सोडून देतात आणि मशीन कपाटात जातं, तर मास्क बदलून घ्या, चार वेळा बदलायला लागला तरी चालेल. आमचं मशीन ४८ हजारांना पडलं, पॉलिसीत बसलं नाही, पेन्शनवर जगणाऱ्याला हे सोपं नाही हे मला पूर्ण माहीत आहे. आरोग्य खात्याने आणि विमा कंपन्यांनी याचा विचार करायलाच हवा, कारण यांच्या बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या फुकट तपासण्या-औषधांवर गेलेले पैसे मी मोजले तर त्याच्यापेक्षा जास्त झाले होते. आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या नाकाच्या चिमट्यांवर आणि हनुवटीच्या पट्ट्यांवर पैसे घालू नका, आवाज कमी झाला म्हणजे श्वास सुरू झाला असं नसतं.

एक राहिलं. कुणाचंही कुठलंही ऑपरेशन असलं, मोतीबिंदू असो की गुडघा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याचं आणि श्वास अडण्याचं आधी सांगा. भुलीने आणि वेदनेच्या काही औषधांनी याच माणसांना धोका जास्त असतो आणि त्यांना सांगितलं तर ते नीट काळजी घेतात.

आणि ज्यांच्या शेजारी कुणी झोपतं त्या सगळ्यांना माझी विनंती आहे की आज रात्री दोन वाजता आणि मग पहाटे चार वाजता, मोबाइलवर पाच-पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती-पोट दिसेल असा, आणि तो डॉक्टरांना दाखवा. पेशंटला स्वतःला यातलं काही माहीत नसतं, साक्षीदार तुम्ही आहात.

संपादक साहेब, तुमचा पेपर आमच्या जिल्ह्यात घराघरात जातो आणि तुमचं चित्र लेखापेक्षा जास्त लोक बघतात. पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून झोपलेलं पाच वर्षांचं पोर काढा, नाहीतर पहाटे तीनला अंथरुणात उठून बसलेली बारीक बाई काढा. तुमच्या चित्रकारांना बघून काढायला फोटो हवे असतील तर आमच्या घरातले मी देते, मुलीला आणि भाच्याला विचारून ठेवलंय, त्यांची हरकत नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा